आण्णांची दावण

आमच्या आण्णांची जमीन सातबाऱ्यावर अठरा एकर, पण त्यातली निम्म्याहून जास्त म्हणजे नुसता माळ, कुसळं आणि दगड. आटपाडी तालुका, माणगंगेचा मुलूख, सह्याद्रीनं अडवून जो उरेल तो पाऊस आमचा, आणि तोही आला तर. अशा भागात माणूस पिकाच्या भरवशावर संसार मांडत नाही, जनावराच्या भरवशावर मांडतो. आण्णांनी तसाच मांडला आणि शेवटपर्यंत तसाच चालवला. शेळ्या होत्या, दोन-चार म्हसरं होती, पुढं जर्सी गाया पण आल्या, पण आटपाडी, सांगोला, जत, मंगळवेढा, माण या पट्ट्यात कुणापुढंही आमच्या आण्णांचं नाव काढलं की त्याला खिल्लार जातीची गाय-बैलंच आठवणार. 2024 च्या जानेवारीत ते गेले. वय ब्याण्णवच्या आसपास. आसपास अशासाठी की जन्माची नोंद कुठंच नाही, औंध संस्थान 1948 ला विलीन झालं तेव्हा मला मिसरूड फुटली होती आणि मी मोट हाकत होतो एवढंच ते सांगायचे, त्यावरून आम्ही घरच्यांनी लावलेला हिशोब.

मी त्यांची धाकटी सून. माहेर कृष्णाकाठचं, उसाच्या गावातलं, पण ही सोयरीक जुळायला पण कारण जनावरंच. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा माणदेशातले लोक दावणीच्या दावणी सोडून कृष्णाकाठाला जगायला आले होते. घरी आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई) खडी फोडायच्या कामावर जायच्या, पोरं दुष्काळात वाटायच्या सुकडीवर, आणि आण्णा अकरा जनावरं घेऊन चालत निघाले ते माझ्या आजोबांच्या उसाच्या फडाशेजारी येऊन उतरले. आजोबा वाढं (उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला) द्यायचे, बदल्यात आण्णा आजोबांच्या बैलांची सगळी उस्तवार करायचे. माझे वडील तेव्हा कॉलेजात होते, त्यांना एक गोष्ट कायम लक्षात राहिली. नुसत्या उसाच्या वाढ्यावर जनावर ठेवलं की अंगातलं कॅल्शियम कमी होतं, गाभण गाय बसते ती उठत नाही, आमच्या उसाच्या पट्ट्यातल्या लोकांची पण तेव्हा अशी जनावरं जायची. हा माणदेशचा माणूस मात्र रोज रात्री बादलीत चुना भिजत घालायचा आणि सकाळी वरची निवळी वाढ्यावर शिंपडून मगच गव्हाणीत टाकायचा. कुठनं शिकला होता कुणास ठाऊक. वडिलांनी विचारलं तर म्हणाला, जनावर भिंत चाटाय लागलं की समजायचं त्याला चुना पायजे.

त्या अकरातली बरीच विकावी लागली. बैल आधी विकले. लोक म्हणाले अहो गाय दूध काय देतेय तुमची, तांब्याभर, बैल तरी ठेवा, पुढच्या पेरणीला लागतील. तेव्हा आण्णा जे बोलले ते वडिलांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं होते असंच वाटतं. "बैल पुन्यांदा घेता येतोय. गाईचं बी तुटलं तर ते कुठल्या बाजारातनं आणू?" दोन गाया आणि एक कालवड घेऊन ते परत गेले. पंचवीसेक वर्षांनी माझ्यासाठी स्थळं बघायला लागल्यावर वडिलांना पहिला तोच माणूस आठवला. उसाच्या गावातली पोरगी टँकरच्या गावात द्यायची म्हणून आईनं रडून घेतलं होतं, वडील एवढंच म्हणाले की ज्यानं बाहत्तरात कालवड विकली नाही तो सुनेला उपाशी ठेवणार नाही.

नाही ठेवलं.

लग्नानंतरच्या पहिल्या बेंदराला आण्णांनी मला एक काम सांगितलं. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली होती, बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावून झालं होतं, शिंगं साळून, हुरमुंजी लावून, शेंब्या घालून बैल उभे होते, सगळं घर पुरणाच्या वासानं भरलेलं, आणि आण्णा दोनशे पानी वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका, नुकतीच बदली होऊन आलेली. "सूनबाई, तुझं अक्षर चांगलं हाय म्हनं. मी सांगतो ते लिवून ठिव." मला वाटलं उधारी-उसनवारी असेल. ते सांगायला लागले, हरणीची आई चांदी, चांदीची आई थोरली चांदी, तिची आई बाहत्तरात माझ्याबर चालत गेल्याली कालवड, तिची आई माझ्या बापाची. प्रत्येकीचा बाप कुठला वळू, कुणाच्या गावचा, रंग कोसा का काजळी का पांढरा, शिंगं कशी, किती वेतं झाली, कुठला खोंड कुणाला दिला, कुठली कालवड कुठं गेली. माझा हात दुखायला लागला तरी त्यांचं संपेना. आणि कुठंही अडखळणं नाही, मागं जाणं नाही. आण्णा चौथीपर्यंत शिकलेले, सही करायचे, पेपरातले मथळे वाचायचे, पण एवढं सगळं चाळीस-पन्नास वर्षं नुसतं डोक्यात ठेवलेलं. त्या दिवसापासून ती वही माझ्याकडं आली. एक भरली, मग दुसरी, आता तिसरी चालू आहे.

खिल्लार ज्यांनी जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अंगानं सडपातळ, कातडी अंगाला चिकटून, तोंड लांबट आणि अरुंद, कपाळावर मधोमध हलकी पन्हळ, शिंगं मुळापासून मागं वळत जाऊन टोकाला वर येणारी, खूर काळे आणि घट्ट. वासरू जन्मतं तेव्हा माथ्यावर तांबूस छटा असते, दोन-तीन महिन्यांत ती निघून जाते. हे जनावर दुधासाठी नाहीच. हे पळायला, ओढायला आणि कमी चाऱ्यावर तग धरायला. रागीट पण. परका माणूस दावणीत शिरला की कान टवकारतं, फुसफुसतं, मला पहिलं वर्षभर हरणीनं जवळ येऊ दिलं नव्हतं. आण्णांच्या मागं मात्र तीच हरणी विनादाव्याची विहिरीपर्यंत जायची.

आता आण्णांचं खरं काम काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं ते खोंड विकून मोठे झाले. खोंड विकले, खरसुंडीच्या पौषी यात्रेत, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात, पंढरपुरात कार्तिकीला, चांगले पैसे पण मिळाले, प्रदर्शनांत नंबर आले. पण आण्णांनी आयुष्यभर जे केलं ते म्हणजे वळू सांभाळला. एकापाठोपाठ एक. वळू सांभाळणं हा तोट्याचा धंदा आहे. तो नांगराला जुंपायचा नाही, विकायचा नाही, खायला मात्र सगळ्यांपेक्षा चांगलं, सरकी पेंड, भिजवलेला हरभरा, मक्याचा भरडा, आणि घरातल्या बाईमाणसांना त्याची भीती. शिवाय तीन-चार वर्षांनी तो बदलावा लागतो, कारण त्याच्याच कालवडी माजावर यायला लागतात आणि बाप-लेकीचा संबंध आला की पैदास बिघडते. मग आण्णा जतला जा, मंगळवेढ्याला जा, कुणाकडं काय चांगलं उभं आहे बघ, अदलाबदल कर असं करत फिरायचे. आठ-आठ दिवस.

पंचक्रोशीतल्या गाया आमच्या वळूकडं यायच्या. कधी रात्री अकराला दार वाजायचं, गाय माजावर आलीय आण्णा. उठायचे. थंडी असो, अंगात ताप असो, उठायचे. आणि पैसे घ्यायचे नाहीत. कुणी आग्रहच केला तर कडब्याच्या दोन पेंड्या ठेवून घ्यायचे, तेही माणूस बरा खाऊन-पिऊन असेल तर. त्यांची अट एकच असायची, ती दारातनं जाताना ते प्रत्येकाला सांगायचे, "काय हुतंय ते सांगून जा." लोक सांगून जायचे. कालवड झाली आण्णा, कोशी आहे. खोंड झाला, कपाळाला चांद आहे. गाय गाभडली आण्णा. ते संध्याकाळी माझ्याकडं यायचं आणि वहीत जायचं. अशा शेकडो नोंदी आहेत, आणि यातलं एकही जनावर आमच्या मालकीचं नाही.

खरसुंडीच्या बाजारात त्यांच्याबरोबर जायचा योग मला आला. नाथबाबाच्या यात्रेतला तो बाजार म्हणजे माळभर नुसती पांढरी-राखाडी पाठवळं, धूळ, घुंगुरमाळा, आणि रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवणारे हेडी. आण्णा कुठल्याही जनावराजवळ आधी जायचे नाहीत. लांब उभे राहायचे. मालकाला म्हणायचे, चालवून दाव. चाल बघितली की खूर बघायचे, मग चिमटीत कातडी धरून सोडायची, ती किती चटकन बसतीय ते बघायचं, मग तोंडात हात घालून दात, आदत (दुधाचे दात) आहे का दुसा (दोन दात) का चौसा (चार दात). गोम-भोवरा, म्हणजे अंगावरच्या केसांची शुभ-अशुभ मानलेली वळणं, सगळं बघायचे, ती परंपरा त्यांनी मोडली नाही. पण एकदा अशी एक कालवड होती, अंगावर अशुभ मानतात तशी गोम, दिवसभर कुणी हात लावेना, मालक रडकुंडीला आला होता, लेकीच्या लग्नाला पैसे हवे होते त्याला. आण्णा तिच्याभोवती दोनदा फिरले आणि तो मागेल त्या भावाला घेतली. घासाघीस नाही. मी घरी येताना विचारलं, आण्णा, गोम आहे ना हिला? ते म्हणाले, "गोम केसात अस्ती. चाल हाडात अस्ती." तिचं नाव रतन. आज आमच्या गोठ्यात उभ्या असलेल्या खिल्लार गायांपैकी निम्म्या रतनच्या.

घरातल्या माणसांशी ते कसे होते हे सांगायला जावं तर तिथं पण गायच मधे येते. तीन लेकी. तिघींच्या लग्नात प्रत्येकीला एक कालवड आंदण दिली. सोनं फार देता आलं नाही, कालवड दिली. आणि मग वर्षातनं दोन-तीनदा आण्णा लेकीच्या गावाला जायचे, कालवड बघायला म्हणून. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पण पिऊ नये असं मानायचे, सारखं लेकीकडं जाणारा बाप लोकांच्या नजरेत यायचा. कालवड बघायला जाणाऱ्याला कोण काय बोलणार? गोठ्यात उभं राहायचं, कालवडीच्या पाठीवरनं हात फिरवायचा, लेक पाण्याची बादली घेऊन येणार, तेवढ्यात दोन शब्द. मधल्या वन्संना सासरी फार त्रास होता. त्यांनीच मला नंतर सांगितलं, की मी तोंडानं कधी एक अक्षर सांगितलं नाही, पण आण्णा तिसऱ्या खेपेला आले, कालवडीकडं बघितलंच नाही, माझ्या हाताकडं बघितलं, आणि सासऱ्यांना म्हणाले कालवड मानवली नाही तुमच्या गोठ्याला, घेऊन जातो, आणि लेकीला पण चार दिवस नेतो सांभाळायला. ते चार दिवस दीड वर्ष चालले. जावई स्वतः येऊन, चार माणसांत बसून, पुन्हा असं होणार नाही म्हणाला तेव्हाच त्या परत गेल्या. त्यांच्या बरोबर ती कालवड पण गेली, तेव्हा गाभण होती. आज त्या घरात वन्संचा शब्द चालतो आणि दावणीला तिची चौथी पिढी आहे.

आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला त्यानंतर दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या. बोलणं गेलं होतं, डावा हात तेवढा हलायचा. अंघोळ-बिंघोळ आम्ही सुना करायचो, पण वेणी आण्णा घालायचे. त्यांनी कुणाला करूच दिली नाही. सकाळी धारा झाल्या की हात धुऊन, धोतराला पुसून, खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसायचे. कासरा ओढून-ओढून त्यांची बोटं जाड झालेली, तळव्याला भेगा, त्या भेगांत केस अडकायचे, मग ते थांबून एकेक केस सोडवून घ्यायचे. गुंता खालच्या टोकापासनं सोडवत वर यायचे, वरनं फणी कधी ओढली नाही. आणि हे करताना काल रात्री गोठ्यात काय झालं ते सगळं त्यांना सांगायचे. कुणाची गाय आली होती, कुणाला काय झालं. आत्याबाई डावा हात जरासा उचलायच्या, म्हणजे ऐकलं. मी उंबऱ्यात वही घेऊन बसायचे आणि तिथंच लिहून घ्यायचे. गावातली काही म्हातारी माणसं हसायची, बायकोची वेणी घालतोय म्हणून. आण्णांनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही, आणि माझ्या नवऱ्यानं ते बघितलंय, माझ्या मुलानं बघितलंय, हे मला फार मोलाचं वाटतं.

जर्सीला आण्णांनी कधी नावं ठेवली नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण आजकाल देशी गाईबद्दल बोलणारी बरीच माणसं पहिल्यांदा जर्सीला शिव्या घालतात. डॉक्टर नायट्रोजनच्या डब्यातनं कृत्रिम रेतनाची कांडी घेऊन यायला लागले, मोठ्या दिरांनी संकरित गाया आणल्या, डेअरीचं बिल दहा दिवसाला हातात पडायला लागलं, पोरांच्या फिया त्यातनं गेल्या. आण्णा फॅट किती लागली ते रोज विचारायचे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जर्सीच्या पैशातनं थोडं खिल्लारला गेलं पाहिजे, आणि घरानं ते पाळलं. ट्रॅक्टर आला तेव्हा पण त्यांनी विरोध केला नाही, पण त्या वर्षी मला म्हणाले की आता ह्यास्नी काम उरलं न्हाई, काम न्हाई त्याला किंमत न्हाई, बघ. तसंच झालं. खिल्लारला उरलं काय तर शर्यत.

शर्यतींबद्दल घरात कायम दोन मतं. आण्णांना पळणारा बैल बघायला मनापासून आवडायचं. पण टोचणीचा खिळा, बॅटरीचा शॉक, दारू पाजणं हे कुणी केलेलं कळलं की त्या माणसाला ते पुन्हा खोंड द्यायचे नाहीत, कितीही नोटा दाखवल्या तरी. 2014 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले मार खाण्यापरास बरं. पण पुढच्या बाजारांत खोंडांना गिऱ्हाईकच मिळेना. ज्या खोंडाला आदल्या वर्षी माणसं घरी येऊन बयाणा देऊन जायची तो संध्याकाळी तसाच परत आणायला लागायचा. काही जणांनी गायाच काढून टाकल्या. आमच्या वहीत त्या वर्षांच्या नोंदी विरळ होत गेलेल्या स्पष्ट दिसतात, वळूकडं गायाच कमी यायच्या. डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, 2023 च्या मे मध्ये घटनापीठानं ती कायम केली, आणि भाव असे काही चढले की खोंड लाखांत बोलायला लागले. मला विचाराल तर मला शर्यती आजही बघवत नाहीत. पण बंदीच्या काळात मोकळे झालेले गोठे पण मी बघितलेत, त्यामुळं मी बंदीच्या बाजूनं बोलू शकत नाही. नियम आहेत ते कडक पाळले जावेत एवढं मात्र पोटतिडकीनं वाटतं.

लम्पी, जनावरांच्या अंगावर गाठी उठणारा साथीचा रोग, आला 2022 ला. आण्णा नव्वदी ओलांडलेले, कमरेत वाकलेले, एका कानानं ऐकू येत नव्हतं. बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण बंद. गोट पॉक्सची लस टोचून घेतली तरी आमच्या दोन जनावरांना गाठी आल्याच. आण्णांनी खाट गोठ्याच्या दारात टाकायला लावली. फवारणी, जखमांना मलम, हळद-कडुनिंबाचा लेप, डॉक्टर सांगतील ते सगळं पोरं करायची आणि आण्णा खाटेवरनं बघायचे. वळू वाचला. रतनची एक पाडी गेली, जेमतेम सहा महिन्यांची. माझ्या पुतण्यानं जेसीबी बोलवून खोल खड्डा काढला, चुना-मीठ टाकून पुरली. त्या रात्री आण्णा जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, लिव. नोंद करायची होती त्यांना. तारीख, आई, बाप, आणि पुढं काय लिहायचं म्हणून मी थांबले तर म्हणाले "लम्पीत गेली आसं लिव. मागनं कुनी बघितलं तर त्याला कळाय पायजे का गेली."

त्यानंतर सव्वा वर्षानं आण्णा गेले. झोपेतच. खरसुंडीची यात्रा तोंडावर आली होती, माळावर मांडव पडायला लागले होते.

पुढचे बारा-तेरा दिवस घरात जी माणसं येत होती ती आम्हाला माहीत नव्हती. नात्यातले, गावातले, लेकीकडचे सगळे ओळखीचे, पण मधेच एखादी जीप यायची, त्यातनं चार अनोळखी फेटे-टोप्या उतरायच्या, जाजमावर बसायच्या, आणि आमचे मोठे दीर विचारायचे, पाहुणे कुठले? आणि ते पाहुणे आपलं गाव सांगायचे पण नाव सांगायच्या आधी जनावर सांगायचे. आमच्याकडं तुमच्या काजळ्या वळवाची गाय हाय. आमच्या बापानं तुमच्याकडनं खोंड नेला होता, थोरली चांदी होती बघा तिचा. मी भाकरी थापत आतनं ऐकायचे. एक जतकडचा पोरगा आला, विशीतला, जीन्स-टीशर्ट, त्याच्या घरचं आमच्याकडं कुणी कधी आलेलं कुणाला आठवेना. त्यानं मोबाईलवर एका खोंडाचा फोटो दाखवला. म्हणाला आजोबा सांगायचे ह्याची पणजी आटपाडीच्या आण्णांच्या वळूची, आजोबा वारले, मला एवढंच माहिती आहे. मी पीठाचे हात धुऊन वही काढली. साल माहीत नव्हतं त्याला, फक्त गाव माहीत होतं. पहिल्या वहीच्या मागच्या भागात सापडली. गावाचं नाव, गाय पांढरी, डाव्या शिंगाला जरा खोट, आणि त्याखाली दुसऱ्या शाईत, नंतर लिहिलेली ओळ, "कालवड झाली. सांगून गेले." त्याच्या आजोबांचं नाव बाजूला होतं. त्या पोरानं ते पान मोबाईलवर घेतलं, घरी फोन लावला आणि तिथंच उभा राहून आईला मोठमोठ्यानं वाचून दाखवलं. जाजमावर बसलेली सगळी माणसं ऐकत होती, आणि मग प्रत्येकानं आपापलं विचारायला सुरुवात केली. माझ्या नवऱ्यानं वही हातात घेतली आणि दुपारभर नावं शोधून-शोधून सांगत बसला. आण्णा गेल्यापासून तो माणूस एक शब्द बोलला नव्हता.

आता गोठ्याचं काय चाललंय तेही सांगते, कारण बरेच जण विचारतात. मोठ्या दिरांचं म्हणणं होतं वळू देऊन टाकावा, आण्णा होते तोवर ठीक होतं, टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंब आहे, कोण रात्री-बेरात्री उठणार. त्यांचं चुकीचं नाही, त्यांनी स्वतः साठी ओलांडली आहे. पुतण्या कृषी डिप्लोमा झालाय, तो म्हणाला मी उठतो, पण फुकट नाही, गाईमागं पाचशे रुपये घेणार आणि त्यातनं वळूची पेंड निघाली पाहिजे. यावरनं घरात मोठी वादावादी झाली, आण्णांनी कधी घेतले नाहीत म्हणून वन्सं रडल्या. मी पुतण्याच्या बाजूनं बोलले. आण्णांना परवडलं कारण त्यांनी स्वतःच्या अंगाला कधी काही लावून घेतलं नाही, शेवटपर्यंत दोन धोतरं आणि एक घोंगडं. त्या हिशोबानं आजची पोरं जगणार नाहीत आणि जगावं असं म्हणणं पण बरोबर नाही. पाचशे घेतले जातात. ज्याच्याकडं नसतील त्याला पुतण्या कडब्याच्या पेंड्या आणायला सांगतो. लम्पीत वाचलेल्या वळूच्या कालवडी आता वयात येतायत, म्हणून या वर्षी तो वळू जतकडच्या त्या पोराच्या गावाला गेला आणि तिथला काजळी खोंड आमच्याकडं आला. चौसा आहे, तापट आहे, मला अजून जवळ येऊ देत नाही.

वहीत काही जागा रिकाम्या आहेत. वळूकडं गाय आल्याची नोंद आहे, पण पुढं काय झालं ते कुणी सांगायला आलं नाही, किंवा आलं तेव्हा मी शाळेत होते आणि आण्णा सांगायचे विसरले, शेवटच्या दोन-तीन वर्षांत असं व्हायला लागलं होतं. म्हसवडकडची एक कोशी गाय आहे, 2019 च्या चारा-छावणीच्या उन्हाळ्यातली, तिच्या मालकाचं फक्त आडनाव लिहिलंय. सांगोल्याच्या दोन आहेत. दिघंचीची एक, तिच्या गळ्यात पितळी घंटा होती असं आण्णांनी मुद्दाम लिहायला लावलंय. यातली कुणाच्या घरची असेल, किंवा घरात कुणी म्हातारं माणूस आमच्या आण्णांच्या वळूचं नाव काढत असेल, तर कालवड झाली का खोंड आणि रंग कुठला एवढं कळवा. पान मोकळं ठेवलंय.